संस्था घरासाठी कर्ज देते म्हणतेय, आधी गटाचे पाच लाख मागतेय. काय करावं?

चौथी गल्ली

नमस्कार मंडळी. पुण्यात राहते. आमची वस्ती घोषित झोपडपट्टी आहे, बहुतेकांकडे फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र) आहेत. गल्लीत ३८ बायकांचा बचत गट आहे, दहा वर्षं झाली. महिन्याला २०० रुपये. दवाखाना, मुलांची फी, कुणाच्या घरचं लग्न अशी कर्जं आम्ही आपसातच दिली आणि आजवर एकही बुडालं नाही.

गेल्या महिन्यात एक संस्था आली. पत्र्याचं घर काढून पक्कं बांधायला घरटी दीड लाखापर्यंत कर्ज देऊ म्हणतात, त्यातला काही भाग अनुदान. व्याज १२ टक्के. शिवाय नाल्याकडेच्या मोकळ्या जागेवर अभ्यासिका आणि पाळणाघर बांधून देणार. पण त्याआधी गटाने पाच लाख रुपये 'लोकसहभाग' म्हणून त्यांच्या खात्यात भरायचे.

दुसऱ्या बाजूने एक बिल्डर एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या) संमतीपत्रांवर सह्या घेत फिरतोय. सासूबाई म्हणतात, चाळीस वर्षं पत्र्याखाली काढली, आता कुणी का असेना, स्लॅब घालून देऊ दे. त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. मे महिन्यात दुपारी घरात बसता येत नाही, धाकट्याच्या अंगावर पुरळ उठतं.

माझा प्रश्न एवढाच. ही संस्था नफा घेत नाही म्हणते, मग पैसे आणते कुठून? आणि काही बिघडलं तर आमच्या पाच लाखांचं काय होणार? गटाची अध्यक्ष मी आहे. सही माझी लागणार आहे.

---

शिल्लक बाकी

ताई, २६ वर्षं पतसंस्थेत कर्जविभागात होतो, तेवढ्यापुरतं सांगतो. '१२ टक्के' म्हणाले, पण ते सरळ मुद्दलावर की घटत्या शिलकीवर, हे विचारून लेखी घ्या.

पन्नास हजारांचं उदाहरण घ्या, मुदत तीन वर्षं. सरळ १२ टक्के म्हणजे वर्षाला सहा हजार, तीन वर्षांचे अठरा हजार. एकूण ६८ हजार, म्हणजे महिन्याला साधारण १,८८९ रुपयांचा हप्ता. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर चालू राहतं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर साधारण २१ टक्के पडतो. दर तोच सांगितला जातो, पण घरातून जाणारे पैसे वेगळे.

दर महिन्याला किती मुद्दल, किती व्याज, शिल्लक किती, असा छापील तक्ता मागा. जो देत नाही त्याच्याकडून कर्ज घेऊ नका.

---

पत्र्याखालची

चौथी गल्ली ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही. मीही पुण्याचीच, वस्तीतलीच. आमच्या गटाची वही मी अकरा वर्षं लिहिली. वस्तीचं आणि संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्यांची चूक आहे आणि माणसं मात्र वाईट नव्हती.

आधी पैसे कुठून येतात ते. अशा संस्थेकडे देणगी येते, कंपन्यांचा सीएसआर (समाजकामासाठी द्यायचा पैसा) येतो, सरकारी योजनेचा हप्ता येतो, कधी बँकेचं कर्ज येतं आणि तुमची-आमची बचत असते. कागदावर सगळ्यांची बेरीज केली की घर उभं राहतं. पण हे सगळे पैसे वेगवेगळ्या वेळी येतात. सरकारी हप्ता बहुतेक वेळा काम झाल्यावर, फोटो काढून, मोजमाप करून मिळतो. कंपनी आधीच्या पैशांचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ते ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला मागते, मग पुढचे सोडते. घराला मात्र दर शनिवारी पैसे लागतात. गवंडी शनिवारी पगार मागतो, सळईवाला ट्रक रिकामा करायच्या आधी मागतो. तुमचं घर अडकलं तर ते या मधल्या काळात अडकेल.

आमचं तसंच झालं. जानेवारीत अकरा घरांचे पत्रे काढले. एका कंपनीने संस्थेला दोन टप्प्यांत पैसे द्यायचं ठरलं होतं. पहिल्या टप्प्यात जोती झाली, भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत आल्या. दुसरा टप्पा मार्चमध्ये यायचा होता. संस्थेने पहिल्यातले काही पैसे दुसऱ्या वस्तीच्या कामात वापरले होते, त्यामुळे प्रमाणपत्र वेळेवर गेलं नाही. तेवढ्यात आर्थिक वर्ष संपलं आणि मंजुरी नव्याने घ्यायची वेळ आली. एप्रिल गेला. मे गेला. अकरा कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत, महिन्याला तीन-तीन हजार भरून. भाडं परवडेना म्हणून एक आजी आपल्या बिनछपराच्या भिंतींतच ताडपत्री बांधून राहायला आली. तिची ट्रंक माझ्या घरी ठेवली होती. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी तिला बघायला गेले, तर ती स्टोव्ह मांडीवर घेऊन बसली होती, भिजू नये म्हणून. जोत्यावर घोट्याएवढं पाणी होतं. मला म्हणाली, "वहीत लिहिलंयस ना माझं सगळं?"

लिहिलं होतं. पण वहीत लिहिल्याने स्लॅब पडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

समाजमंदिरात मीटिंग घेतली. भांडणं झाली. गटाच्या शिलकीतून दोन लाख चाळीस हजार काढायचं ठरलं. नाक्यावरच्या सिमेंटवाल्या दादांनी आमची वही बघितली, दहा मिनिटं पानं उलटली आणि साठ पोती उधार दिली. तेवढ्यात चारच स्लॅब होणार होते. कुठले चार? ज्या घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस, ते आधी. आजीचं घर पहिलं. बाकी सात घरांवर जुने पत्रे परत चढवले. कंपनीचे पैसे ऑक्टोबरात आले. संस्थेने आमचे पैसे परत केले, बिनव्याजी. सात घरांच्या लोकांनी मात्र अख्खा पावसाळा नव्या भिंतींवर गळक्या पत्र्यांखाली काढला, आणि त्यांच्यातल्या दोघी आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचा राग मला समजतो.

म्हणून ताई, संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: तुमचा हप्ता चार महिने लांबला तर गवंड्याचा शनिवार कोण सांभाळणार? "येतील हो पैसे" हे उत्तर चालणार नाही. त्यांच्याकडे फिरता निधी आहे का, तो किती, आत्ता त्यातला कुठे अडकलाय, की बँकेने ओव्हरड्राफ्ट दिलाय? कागद दाखवा म्हणायचं.

हा त्रास आमचाच नाही, जुना आहे, आणि त्यावर काम करणारे लोक आपल्याकडेच झाले. मुंबईत १९८४ साली शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पार्क ही संस्था काढली, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम करायला. फुटपाथवाल्यांचं पहिलं मोठं सर्वेक्षण १९८५ चं. १९८६ मध्ये महिला मिलन, म्हणजे वस्त्यांतल्या बायकांच्या बचत गटांचं जाळं, उभं राहिलं. जोकिन अर्पुथम यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, झोपडपट्टीवाल्यांची संघटना, त्याच्याही आधीचं. या तिघांनी मिळून जे केलं ते बघायला आमच्या गटाला एकदा भायखळ्याला नेलं होतं. तिथे एका मावशींनी मला प्लास्टिकची छोटी पिशवी दाखवली. आत रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे. प्रत्येक रंग म्हणजे ठरलेली रक्कम. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी तुकडे पदरात ओतले, बोटाने वेगळे केले आणि शिल्लक किती ते मला सांगितलं. मी त्यांच्या कार्यकर्तीची वही बघितली, आकडा तोच होता. तिथून परत आल्यावर मी आमच्या गटात दर महिन्याला प्रत्येकीची शिल्लक मोठ्याने वाचायला लागले. सिमेंटवाल्या दादांनी साठ पोती दिली ती त्या वाचनामुळे, असं माझं मत आहे. वहीवर सगळ्यांच्या सह्या होत्या.

पण भायखळ्याच्या बायकांनाही बचतीवर इमारत बांधता आली नाही, कुणालाच येत नाही. धारावीत राजीव इंदिरा सोसायटीने बिल्डर न घेता स्वतःची इमारत बांधायचं ठरवलं. १४ फूट उंचीची खोली, आत पोटमाळा, कारण बायकांना तसंच घर हवं होतं. एसआरएच्या नियमात बांधकामाच्या बदल्यात विकता येणारा एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे जास्तीच्या बांधकामाचा हक्क मिळतो, त्यातून खर्च निघतो. पण तो मिळणार बांधत गेल्यावर, आणि पैसे लागणार त्याआधी. झोपडपट्टीच्या सोसायटीला बँक कर्ज द्यायला तयार नसते. शेवटी इंग्लंडच्या होमलेस इंटरनॅशनल या संस्थेने हमी घेतली, तेव्हा सिटीबँकेने कर्ज दिलं. या अनुभवातूनच २००२ मध्ये क्लिफ नावाचा निधी सुरू झाला. ब्रिटन आणि स्वीडनच्या सरकारांचे पैसे त्यात होते, आणि आपल्याकडे तो निर्माण ही स्पार्कची जोडसंस्था चालवायची. तो दान म्हणून वाटायचा निधी नव्हता. काम सुरू करायला वापरायचा, हप्ते आले की परत भरायचा, मग पुढच्या वस्तीला. मधल्या काळाचे पैसे म्हणतेय ते हेच.

येरवड्याचं तुम्हाला माहीत असेल. बीएसयूपी या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेत तिथल्या वस्त्यांमध्ये जागेवरच घरं बांधली, कुणाला दूर पाठवलं नाही. निम्मे पैसे केंद्राचे, तीस टक्के राज्याचे, दहा महापालिकेचे, दहा टक्के घरमालकाचे. तीन लाखांच्या घराला तीस हजार, २७० चौरस फूट. ज्यांची जागा फारच लहान होती त्यांनी शेजाऱ्यांबरोबर जागा एकत्र केली आणि वर मजले चढवले. तिथल्या कामातही महिला मिलनच्या बायका होत्या. घरमालकाचा वाटा दहा टक्के होता आणि तो त्या घरासाठी होता, हे लक्षात ठेवा. तुमच्या ३८ जणींचे पाच लाख नक्की कशाचे? घरांचे की पाळणाघराचे? दोन्ही एकत्र करू देऊ नका.

ते पाच लाख त्यांच्या खात्यात अजिबात भरू नका. गटाच्या नावावर वेगळं खातं उघडा, तुमच्या तिघींच्या सह्या. जोतं झालं की इतके, लिंटल झालं की इतके, स्लॅब पडला की उरलेले, असं सोडा. खरी संस्था याला नाही म्हणत नाही. आमच्या आत्ताच्या संस्थेने तर उलट आमच्याकडून तसा करार लिहून घेतला.

आणि एसआरए. त्या बिल्डरने तुमच्या जागेवर प्रस्ताव दाखल केलाय का, ते एसआरएच्या कार्यालयात जाऊन विचारा. जमीन कुणाची आहे, सरकारी, महापालिकेची की खासगी, तेही काढा. दीड लाखाचं कर्ज काढून घर बांधलं आणि तीन वर्षांनी इमारतीसाठी ते पाडावं लागलं, तर हप्ता पुढेही तुम्हीच भरणार. संमतीपत्रावर जे सह्या करतायत त्यांना याच मीटिंगला बोलवा. गल्लीत दोन तट पडले की दोन्हीकडचं काम बसतं.

---

हिशेब तपासनीस

एका संस्थेत लेखापाल आहे, म्हणून थोडी भर घालते. २०२० मध्ये विदेशी देणगीचा कायदा बदलला. परदेशातून पैसे मिळालेल्या संस्थेला ते आता दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत, प्रशासकीय खर्चही २० टक्क्यांवर आणलाय. पूर्वी मोठी संस्था लहान स्थानिक संस्थेला पैसे द्यायची, ते बंद झालं. म्हणून वस्तीतल्या लहान संस्था आता बऱ्याचशा सीएसआरवर चालतात. वर ताईंनी सांगितलेली मार्चची अडचण त्यामुळे आणखी वाढलीये. मी दर मार्चला ते बघते आणि जीव खालीवर होतो.

कंपन्यांना उद्घाटन करता येईल अशी गोष्ट आवडते. अभ्यासिका, पाळणाघर, शौचालय. त्यांच्यासाठी पैसे लवकर मिळतात, पण बांधण्यापुरते. पाळणाघर चालवायला सेविकेचा पगार, लाइटबिल, दूध, रंगरंगोटी लागते, त्याची तीन वर्षांची तजवीज करारात लिहून घ्या. शौचालयांच्या कामात हा धडा पुण्यानेच शिकवलाय. १९९९ ते २००१ मध्ये महापालिकेने वस्त्यांमध्ये चारशेहून जास्त सामुदायिक शौचालयं संस्थांकडून बांधून घेतली. त्यातली शंभराहून जास्त स्पार्क-महिला मिलनची. त्यांनी राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली ठेवली आणि घरटी मासिक पास काढला. त्यामुळे देखभालीचे पैसे आत येत राहिले.

संस्थेची नोंदणी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि कर्ज देण्याचा अधिकार त्यांना कुठल्या नोंदणीखाली आहे, हे मागा. धर्मादाय न्यास म्हणून नोंद असली म्हणजे कर्ज वाटता येतं असं नाही. बऱ्याचदा मागे वेगळी वित्तसंस्था असते आणि तुमचा करार खरं तर तिच्याशी होतो.

---

साबरमतीकाठी

आम्ही मूळचे जळगावचे, पण वडिलांच्या मिलच्या नोकरीपासून अहमदाबादला. इथलं एक सांगावंसं वाटतं. नव्वदच्या दशकात इथे परिवर्तन नावाचा कार्यक्रम झाला, वस्तीत गल्ल्या, नळ, गटार, संडास, दिवे आणायचा. घरटी २,००० रुपये वाटा आणि १०० रुपये देखभालीचे. ज्यांच्याकडे दोन हजार नव्हते अशा कित्येक बायकांनी सेवा बँकेतून कर्ज घेतलं. ती बँक १९७४ पासून बायकांचीच. महिला हाउसिंग सेवा ट्रस्ट १९९४ पासून या कामात आहे.

पण माझ्या आत्याला दोन हजार भरायचा धीर आला तो दुसऱ्याच कागदामुळे. महापालिकेने दहा वर्षं वस्ती हलवणार नाही असं लिहून दिलं होतं. तो कागद येईपर्यंत ती म्हणायची, "उद्या उठवलं तर नळ काय डोक्यावर घेऊन जाऊ?" कागद आला आणि तिने त्याच आठवड्यात मोरीत फरशीसुद्धा बसवून घेतली. तुम्हीही असा काही कागद मिळतो का बघा.

---

चौथी गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. मी, सचिव आणि खजिनदार, तिघी संस्थेच्या कार्यालयात जाऊन आलो. व्याजाचा तक्ता मागितला. घटत्या शिलकीवर आहे म्हणाले आणि छापून दिला. शनिवारचा प्रश्न विचारला तेव्हा मात्र साहेब गप्प झाले. दोन दिवस मागितले. काल फोन आला. त्यांच्याकडे फिरता निधी आहे, पण आत्ता तो सहा घरांनाच पुरेल. आधी १५ घरं एकदम काढायची म्हणत होते.

पाच लाख आमच्याच खात्यात ठेवायला तयार झाले. पाळणाघराचा करार वेगळा करणार. एसआरए कार्यालयात सोमवारी जाणार आहोत, सह्या करणाऱ्यांमधले दोघं बरोबर येतायत.

आता गल्लीत सहाच घरं आधी कुणाची, यावरून बोलणं सुरू झालंय. रविवारी सकाळी मीटिंग आहे. माझं घर पहिल्या सहांत घालू नका, असं मी सांगणार आहे. सासूबाई अजून बोलत नाहीयेत.

---

पत्र्याखालची

ताई, सहाला हो म्हणालात हे फार बरं केलंत. पंधरा घरं एकदम उघडी पडली असती तर तुमच्या शिलकीतून सावरता आली नसती.

मीटिंगला वही घेऊन जा आणि प्रत्येकीची शिल्लक वाचूनच सुरुवात करा. क्रम ठरवताना कुणाच्या घरात कोण आजारी, कुणाचं भाडं परवडणार नाही, हे बायकांनाच सांगू द्या, तुम्ही फक्त लिहा. सासूबाईंना पुढे बसवा. त्यांनी चाळीस वर्षं काढलीत, त्यांचं म्हणणंही वहीत यायला हवं.

पत्रे दिवाळीनंतरच काढा, त्याआधी नाही. आणि काढलेले पत्रे भंगारात देऊ नका. भंगारवाला दुसऱ्याच दिवशी दारात येतो, पैसेही बरे देतो. स्लॅबचं सेंट्रिंग निघेपर्यंत ते गल्लीच्या टोकाला रचून ठेवा, वर नाव घालून. त्या जूनमध्ये सात घरांवर घालायला आमच्याकडे तेवढेच होते.